हातशिलाईच्या गोधड्या: विक्रीचे कोणते नवे मार्ग करून बघावेत?

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

मी वाईजवळच्या एका गावात राहते. टेक्स्टाइल डिझाइन शिकले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता गावातल्या आठ-दहा जणींबरोबर हातशिलाईच्या गोधड्या करते. रंग आणि मांडणी मी ठरवते, शिवण त्यांची. आतले थर जुन्या सुती साड्यांचे, वरचं तुकडेकाम नव्या सुती कापडाचं. धावदोरा सगळा हाताचा.

डबल बेडची एक गोधडी शिवायला एका बाईला घर आणि शेत सांभाळून दोन-तीन आठवडे लागतात. किंमत साडेसहा हजारांच्या आसपास. त्यातले निम्मे थेट शिवणारीला जातात. हा आकडा कमी करायचा नाही, एवढं धरून सल्ला द्या.

प्रदर्शनं केली. गर्दी चांगली असते, लोक हात फिरवतात, "आमची आजी करायची हो" म्हणतात आणि शेवटी दीडशे रुपयांचा बटवा घेतात. स्टॉलचं भाडं, टेम्पो, राहणं-खाणं धरलं तर हाती फारसं उरत नाही. रील्स केली. एक रील लाखांच्या घरात पाहिलं गेलं. शेकडो मेसेज "प्राइस प्लीज"चे, आकडा कळवला की पलीकडे शांतता. गेल्या दिवाळीत वीस टक्के सूट दिली, सगळा माल गेला, पण आता जो तो पुढच्या सवलतीची वाट बघतोय.

कुणी असा हातकामाचा व्यवसाय केला असेल, किंवा गिऱ्हाईक म्हणून काही सुचत असेल, तर मोकळेपणाने लिहा. मशीनच्या गोधड्या सोबत ठेवाव्यात का, हाही प्रश्न मनात आहे.

पिंपळपान

फोटो टाका ना ताई. आधी बघू तर द्या!

सुईदोरा

टाकलेत, वर अल्बम जोडलाय.

पिंपळपान

बघितले. निळी-मोतिया रंगाची फार देखणी आहे. पण सगळे फोटो वरच्या बाजूचे आहेत. उलटी बाजू दाखवा. हातशिलाई ओळखायची ती पाठीवरच. टाक्यांची ओळ किंचित हलते, कोपऱ्यावर वळते, दोरा संपला तिथे नवा सुरू होतो. मशीनच्या शिलाईत हे काही दिसणार नाही. खिडकीतला तिरपा उजेड घ्या, म्हणजे टाक्यांमधले फुगवटे उठून दिसतील.

खानदेशी_ठसका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपल्याकडे गोधडीला साडेसहा हजार देणारा माणूस विरळा. घराघरांत फुकट मिळालेली वस्तू आहे ती. जयपुरी रजई हजार-बाराशेला दारात येते. मशीनची गोधडी दीड-दोन हजारांत काढा, तिच्यावर घर चालवा, हाताची शोकेसला ठेवा.

तांबडा_पांढरा

@खानदेशी_ठसका, कोल्हापुरी चपलेबद्दलही लोक हेच म्हणायचे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल घालून मॉडेल चालवले, कोल्हापूरचं नाव न घेता. इथून गदारोळ झाला तेव्हा कुठे प्रेरणा पारंपरिक भारतीय चपलेची असल्याचं कबूल केलं. चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ चं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सांगायचा मुद्दा, वस्तू तीच, सांगणारा बदलला की किंमत बदलते.

बाकी आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि थंडीत वाकळेतून बाहेर काढायला तांबड्या रश्शाचा वास लागतो.

खानदेशी_ठसका

आमच्याकडे शेवभाजीचा. पण रश्शाने धंदा चालत नाही हो.

हिशेबनीस

मी सीए आहे, म्हणून आधी आकडे मांडतो. आठ-दहा जणी, एकीला दोन-तीन आठवडे. म्हणजे महिन्याला साधारण पंधरा गोधड्या. भात लावणी, सुगी, सणवार, लग्नसराई वजा केली तर वर्षाला दीडशेच्या पुढे जाणं कठीण.

मग लाखो लोकांनी रील बघून करायचं काय? तुम्हाला वर्षाला दीडशे गिऱ्हाइकं हवीत. ती सापडली की पुढचे मेसेज त्रासाचेच. तुमचे आजवरचे सगळे प्रयोग जास्त माणसांपर्यंत पोचण्याचे आहेत आणि तुमचा माल कमी माणसांसाठी आहे. प्रयोग निवडताना हे एकच गाळणं लावा: यातून नेमकं गिऱ्हाईक येईल की नुसती गर्दी?

दुसरं, किंमत फोटोवरच लिहा. "प्राइस प्लीज"ची उत्तरं देण्यात जाणारा वेळ वाचेल आणि आकडा वाचूनही जो मेसेज करेल तो खरोखर घेणारा असेल.

पिंपळपान

+१. किंमत लपवलेली दिसली की मी तर पुढे विचारतच नाही.

वाळवण

मी नाशिकला मातीच्या भांड्यांचा छोटा स्टुडिओ चालवते. हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. आम्ही तयार माल विकणं जवळजवळ बंद केलं आणि बुकिंग सुरू केलं. वर्षातून ठरावीक वेळा नोंदणी उघडते, निम्मे पैसे आगाऊ, भांडी दोन-तीन महिन्यांनी. सुरुवातीला भीती होती की लोक थांबणार नाहीत. थांबतात. मधल्या काळात त्यांना भट्टीचे, ग्लेझचे फोटो पाठवत राहतो. भांडं हातात पडेपर्यंत त्यांना ते आपलंच वाटायला लागलेलं असतं. सूट द्यायचा प्रश्नच उरला नाही, कारण पडून राहिलेला मालच नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक करता येईल. गिऱ्हाइकाकडून त्यांच्याच घरच्या साड्या घ्या. आईच्या, आजीच्या. माळ्यावर ट्रंकेत पडलेल्या साड्या टाकवत नाहीत आणि नेसवत नाहीत, असं प्रत्येक घरात आहे. त्या गोधडीची तुलना जयपुरी रजईशी कोण करेल?

सुईदोरा

@वाळवण, साड्या घेऊन करून दिल्या आहेत काही. अडचण अशी की लोक नायलॉनच्या, जॉर्जेटच्या साड्या पाठवतात. ते कापड टाक्याखाली सरकतं आणि अंगाखाली गरम होतं. रेशमाला सुईची भोकं दिसतात. आणि जुनं पातळ हाताला मऊ लागलं तरी धुताना जीर्ण जागी फाटतं. प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघावी लागते.

वाळवण

मग हीच माहिती लोकांसमोर मांडा! साडी उजेडासमोर धरून जीर्ण जागा शोधतानाचा व्हिडिओ करा. कोणती साडी चालते, कोणती चालत नाही, नायलॉन असेल तर वरच्या थरात तुकडा लावून आत सुती अस्तर कसं घालतो, ते सांगा. माझे सगळ्यात चांगले ग्राहक "हे भांडं मायक्रोवेव्हमध्ये का ठेवू नये" या व्हिडिओवरून आले. बघणाऱ्याला कळतं की या बाईला आपलं काम कळतं.

झुंजूमुंजू

बारशाचं कुणी बोललं नाही अजून. बाळाला जुन्या मऊ कापडाची गोधडी आणि दुपटी लागतातच. सासर-माहेर दोन्हीकडून खरेदी होते आणि त्या वेळी कुणी घासाघीस करत नाही. लहान गोधडी दोन-तीन दिवसांत होईल, किंमत बाराशे-पंधराशेत बसेल. आईच्या साडीचा एक तरी तुकडा त्यात घाला. माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणात अशी एक भेट आली होती. बाकी भेटी कपाटात आहेत, ती गोधडी रोज वापरात आहे.

खानदेशी_ठसका

ही आयडिया मात्र पटली. पंधराशे परवडतात माणसाला. आणि पोर वापरून बघतं म्हटल्यावर आई मोठीची ऑर्डर देते.

रानवाटा

आमचं गुहागरजवळ घरगुती पर्यटन निवास आहे. खोल्यांत हाताच्या गोधड्या ठेवल्या आहेत, आमच्याच वाडीतल्या एका काकींनी शिवलेल्या. पाहुणे रात्री पांघरतात आणि सकाळी विचारतात, कुठे मिळेल. प्रदर्शनात दोन मिनिटं हात फिरवण्यापेक्षा एक रात्र अंगावर घेणं वेगळं. काकींचा फोन नंबर सांगून सांगून कंटाळलो, शेवटी कोपऱ्यात कापडी पट्टी शिवली आणि तिच्यावर क्यूआर कोड छापला.

महाबळेश्वर-पाचगणी तुमच्या उशाशी आहे. थंड हवा, मुक्कामी पाहुणे. चार-पाच चांगली निवासस्थानं निवडा आणि गोधड्या विकत द्या, फुकट ठेवू नका. फुकट दिलेल्या वस्तूची निगा राखत नाहीत. धुण्याच्या सूचना मराठीत लिहून द्या आणि धुणाऱ्या मावशींना समोर बसवून एकदा सांगा. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं.

तांबडा_पांढरा

एवढ्या सूचना तर आमच्या लग्नात भटजींनी दिल्या नव्हत्या.

मुक्काम_अटलांटा

फार जिव्हाळ्याचा धागा. मी अमेरिकेत, जॉर्जियात राहते, शेजारच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, शिवत आल्या आहेत. त्यांचा प्रवास तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१९६६ मध्ये, नागरी हक्क चळवळीच्या काळात, त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था सुरू झाली. माल न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत जायला लागला. पुढे सीअर्स कंपनीचं कॉर्डुरॉयच्या (उभ्या रेघांच्या जाड कापडाच्या) उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं. नियमित पैसा आला, पण माप ठरलेलं, नमुना ठरलेला. स्वतःच्या मनाने तुकडे मांडायला वावच राहिला नाही. त्याच कॉर्डुरॉयच्या उरलेल्या चिंध्यांतून बायकांनी घरी स्वतःसाठी केलेल्या क्विल्ट आज कलासंग्रहालयांत आहेत.

२००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. जगभर नाव झालं. तरी बनवणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या हातात विक्री यायला बराच काळ गेला. २०२१ मध्ये काही संस्थांच्या मदतीने त्यांनी एट्सी या हातकामाच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारावर आपापल्या नावाची दुकानं उघडली. गिऱ्हाईक नावानिशी निवडतं, की मला अमुक बाईच्या हातची हवी. २०२४ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने त्यांच्या नमुन्यांवरून माल काढला, त्यात त्यांना ठोक रक्कम मिळाली, विक्रीतला वाटा नाही, आणि त्यावर इथे पुष्कळ टीका झाली.

तुमच्या गोधडीवर शिवणारीचं नाव आहे का?

सुईदोरा

नाही. ब्रँडचा शिक्का आहे फक्त. तुमचा प्रतिसाद आमच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

रानवाटा

मुक्काम_अटलांटा, सुंदर माहिती. आमच्या काकींचं नाव पट्टीवर आहे. पाहुणे नाव घेऊन भेटायला जातात त्यांच्या घरी. आता काकी स्वतःच किंमत सांगतात आणि ती माझ्यापेक्षा जास्त सांगतात. मिळतेही!

दुपारची_झोप

पण नाव लिहिलं आणि गिऱ्हाईक थेट त्या बाईकडे गेलं तर ताईंचं काय? डिझाइन त्यांचं, भांडवल त्यांचं.

मुक्काम_अटलांटा

रास्त प्रश्न आहे. मला वाटतं, थेट गेलं तर जाऊ दे. जी स्वतः विकू शकते तिला नाव न लिहून किती दिवस धरून ठेवणार? रंगांची जाण, कापडाची निवड, ग्राहकाशी बोलणं, पाठवणी हे ताईंचं काम राहतंच.

दुपारची_झोप

तत्त्व म्हणून पटतं. पण घर चालवायचं असतं. किमान ताईंचं डिझाइन बाहेर विकायचं नाही, एवढं तरी आधी बोलून ठेवा. नंतर कडवटपणा येतो.

शिंपल्यातलं_पाणी

अमेरिकेचा विषय निघालाय तर विचारते, तिकडे पाठवता येईल का? मराठी मंडळांत चांगली मागणी असेल.

मुक्काम_अटलांटा

मागणी आहे. पण इथे आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला जी शुल्कमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्या सुमारास भारतातून टपालाने माल पाठवणंही काही आठवडे थांबलं होतं, ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं. शुल्काचे दर सारखे बदलतात, तेव्हा पाठवायच्या आधी त्या दिवसाचा दर बघा आणि शुल्क कोण भरणार ते ग्राहकाशी लेखी ठरवा. एट्सीवर विकायचं तर प्रत्येक नोंदीला चार महिन्यांचे वीस सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के, शिवाय पैसे जमा करण्याचं शुल्क वेगळं. माझा सल्ला, इथले लोक डिसेंबरात घरी येतात तेव्हा पुण्यातच हातात द्या. साड्याही त्याच फेरीत त्यांच्या आईकडून मिळतील. गोधडी बॅगेत बसते आणि बॅग भरताना चिवड्याच्या डब्यांमध्ये टेकूलाही येते.

हिशेबनीस

कराबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवतो. जीएसटी नोंदणी नसेल तरी ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स पोर्टलवर विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. स्वतः थेट परराज्यात विकायचं तर अधिसूचित हस्तकलावस्तूंना वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, अटींसह. तुमची गोधडी त्या यादीत कुठे बसते ते तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

कंदील_वाली

माझा कापडी आकाशकंदिलांचा आणि भेटवस्तूंचा व्यवसाय आहे. कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, कंपन्यांच्या दिवाळी भेटींच्या मागे सांभाळून लागा. तीनशे नगांची ऑर्डर मिळाली की आनंद होतो. मग नमुना तीनदा बदलतात, लोगो मोठा करायला सांगतात, आणि माल गेला की पैशांसाठी फोन करत बसा. मला एका कंपनीने दिवाळीचे पैसे होळीनंतर दिले.

हिशेबनीस

@कंदील_वाली, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, त्यांचा हिशेब विभाग आपोआप हलतो.

कंदील_वाली

हे माहीत नव्हतं! आजच बिलबुक बदलते. धाग्याचा मला सुईदोरा यांच्याआधी फायदा झाला.

झुंजूमुंजू

कार्यशाळेचं बघा. शनिवार-रविवारी वाईला घाटावर फिरायला पुण्याहून किती लोक येतात. चार तासांची गोधडीची बैठक ठेवा, उशीएवढा तुकडा ज्याचा त्याने शिवायचा. शिकवायला तुमच्या बायकाच. त्यांना शिकवण्याचे वेगळे पैसे द्या.

पिंपळपान

अशी एक कार्यशाळा मी केली आहे, गोधडीची नाही, कशिद्याची. एक वीतभर ओळ सरळ यायला मला अर्धा तास लागला. त्यानंतर हातकामाची किंमत जास्त वाटणं थांबलं. अंगुस्तान मात्र सगळ्यांना द्या, नाहीतर बोटांची चाळण होते.

खानदेशी_ठसका

माझा मूळ प्रश्न तसाच आहे. हे सगळं जमेपर्यंत खर्च कसा भागवायचा? मशीनची चार कामं घ्यायला काय हरकत आहे? नाकारण्यासारखं त्यात काही नाही.

वाळवण

हरकत एकच. एकाच स्टॉलवर दोन हजारांची आणि साडेसहा हजारांची गोधडी शेजारी ठेवली की लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मग दिवसभर फरक समजावत बसायचं. त्यापेक्षा स्वस्त वस्तू वेगळी असू द्या: झुंजूमुंजू म्हणतात तशी बाळाची गोधडी, बटवे, चहाच्या किटलीची टोपी. पण हातशिलाईचीच.

खानदेशी_ठसका

मान्य. बाळाची गोधडी सुरू करा, मी मशीनचा मुद्दा मागे घेतो.

जुनी_पेटी

उशिरा आले धाग्यावर. कुणी दुरुस्तीबद्दल लिहिलेलं दिसलं नाही. माझ्याकडे सासूबाईंच्या हातची गोधडी आहे, कडा विरल्यात, मधे दोन जागी फाटली आहे. कुठेच दुरुस्त करून मिळत नाही, शिंपी हात लावत नाहीत. पुण्यात कुणी करत असेल तर मी हवे ते पैसे देईन. माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील. दुरुस्तीसाठी आलेलं गिऱ्हाईक नवी गोधडीही घेईल, कारण तिला गोधडीची किंमत आधीच ठाऊक आहे.

हिशेबनीस

माझं गाळणं ज्यांना शोधतंय त्या या बाई! सुईदोरा, हे पहिलं गिऱ्हाईक इथेच मिळालं.

तांबडा_पांढरा

शिवाय 'गोधडी दुरुस्ती पुणे' असं शोधणाऱ्यासमोर दुसरं कोणी येणारच नाही. गूगल मॅप्सवर व्यवसायाची नोंद करा, फुकट आहे. मराठीत लिहा आणि वाकळही लिहा. आम्ही कोल्हापूरकर वाकळच शोधणार.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सगळ्या बसलो आणि धागा वाचला. जीज बेंडचं ऐकताना सगळ्या गप्प होत्या, मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "माझं नाव घाल, पण माहेरचं घाल." त्यावर अर्धा तास चर्चा रंगली. शेवटी ठरलं, जिला जे हवं ते नाव. डिझाइनबद्दलही बोललो. माझी मांडणी माझ्याशिवाय विकायची नाही, पण त्यांनी स्वतःच्या मनाने मांडलेली गोधडी त्या कुणालाही विकू शकतात. दोघींनी लगेच सांगितलं की त्यांच्या डोक्यात नमुने आहेत. याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

दिवाळीची सूट बंद. मोठ्या गोधड्या फक्त बुकिंगवर, निम्मे आगाऊ, किंमत फोटोवर. साड्या तपासण्याचा व्हिडिओ या आठवड्यात करते. बाळाच्या गोधडीचे दोन नमुने सुरू केले. प्रदर्शनं सगळी सोडणार नाही. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा असते, तिथे जागा मिळाली तर एक मावशी स्टॉलवर बसून शिवत राहतील आणि आम्ही माल कमी, साड्यांचं बुकिंग जास्त घेऊ. पाचगणीचं आणि कार्यशाळेचं पाऊस संपल्यावर. लावणीत कुणाला वेळ नाही.

@जुनी_पेटी, गोधडीच्या दोन्ही बाजूंचे आणि फाटलेल्या जागेचे जवळून फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आतलं कापड कितपत टिकाव धरतं ते हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

जुनी_पेटी

पाठवले. एक विनंती, ठिगळ नव्या कापडाचं नको. सासूबाईंची एक जुनी इरकल आहे, तिच्या पदराचं चालेल का?

सुईदोरा

फोटो मिळाले. इरकलीचा पदर रेशमी असतो, फाटलेल्या जागी ताण येईल तिथे तो टिकणार नाही. अंगाचं सुती कापड खाली आधाराला घेऊ आणि पदराची पट्टी विरलेल्या कडेला लावू. साडी न कापता पाठवा, कापायचं कुठे ते मावशी ठरवतील.

मुक्काम_अटलांटा

डिसेंबरात पुण्यात आहे. आईच्या साड्यांसाठी एक बुकिंग माझं धरा. आणि माहेरच्या नावाच्या मावशींच्या हातची हवी.